किंमत कोणत्या तारखेची?

घर विकायचं नाही, सोडून कुठे जायचं नाही, तरीही त्याची आजची किंमत रीतसर ठरवून घ्यायची, अशी वेळ इंग्लंडमधल्या कितीतरी कुटुंबांवर आली आहे आणि पुढची अनेक वर्षं येत राहणार आहे. ‘हेल्प टू बाय’ या सरकारी योजनेतून ज्यांनी इक्विटी लोन घेतलं, त्यांच्या करारात फेडीची रक्कम लिहिलेली नाही. तिथे फक्त टक्के आहेत. त्या टक्क्यांचे पौंड होतात ते व्हॅल्युअर घर बघून आकडा लिहून देतो त्या दिवशी. तोवर आपण नेमकं किती देणं लागतो हे कर्जदाराला सांगता येत नाही, आणि आपलं येणं किती हे सरकारलाही सांगता येत नाही.

या व्यवहाराकडे मी ओढला गेलो तो पैशांमुळे नव्हे, काळामुळे. आपण सहज म्हणतो, घराची किंमत अमुक आहे. जरा खोलात गेलं की दिसतं, ती किंमत घराइतकीच एका तारखेची असते. आणि ती तारीख कोण निवडतं, यावर न्याय-अन्यायाचा पुष्कळसा भाग ठरून जातो.

आधी योजना नीट समजून घेऊ. मार्च २०१३च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी ती जाहीर केली आणि एप्रिलपासून इंग्लंडमध्ये ती सुरू झाली. अट अशी की घर नवं कोरं हवं, थेट बिल्डरकडून घेतलेलं. खरेदीदारानं किमान पाच टक्के स्वतःचे घालायचे, वीस टक्क्यांपर्यंत सरकार देणार, उरलेल्या पंचाहत्तर टक्क्यांसाठी बँकेचं मॉर्गेज. लंडनमधल्या किमती बघून २०१६ पासून तिथे सरकारचा वाटा चाळीस टक्क्यांपर्यंत नेला गेला. पहिली पाच वर्षं सरकारच्या पैशावर व्याज नाही. सहाव्या वर्षी पावणेदोन टक्के, आणि पुढे दर वर्षी तो दर महागाईच्या निर्देशांकाबरोबर थोडा थोडा चढत जाणार. हे व्याज कितीही भरलं तरी मुद्दल एका पेनीनंही कमी होत नाही. कर्ज पंचवीस वर्षांत, किंवा मॉर्गेज संपेल तेव्हा, किंवा घर विकाल तेव्हा, यांतलं जे आधी होईल तेव्हा फेडायचं. २०२३ साली योजना बंद झाली, तोवर सुमारे ३ लाख ८७ हजार घरं तिच्या आधारानं घेतली गेली होती आणि सरकारचे जवळजवळ २४.७ अब्ज पौंड त्यांत गुंतले होते.

आकडे गोल धरू. घर तीन लाख पौंडांचं. सरकारनं वीस टक्के, म्हणजे साठ हजार दिले. काही वर्षांनी घर तीन लाख साठ हजारांचं झालं, तर परत करायचे बहात्तर हजार. भाव पडून ते दोन लाख सत्तर हजारांवर आलं, तर चोपन्न हजार. व्याज मात्र साठ हजारांवरच मोजलं जातं. सहाव्या वर्षी ते वर्षाला एक हजार पन्नास पौंड होतं. म्हणजे एकाच कर्जात दोन तारखा नांदतात. व्याज खरेदीच्या दिवसाकडे बघतं आणि मुद्दल फेडीच्या दिवसाकडे.

याला सावकारी म्हणता येणार नाही. आपल्याकडच्या बटईशी त्याचं नातं जास्त जवळचं आहे: पीक आलं तर दोघांचं, बुडालं तर दोघांचं. पण बटईत धान्य खळ्यावर येतं, राशी पडतात, पायली भरभरून वाटणी होते आणि दोघंही डोळ्यांनी बघतात. इथे पीक उभंच आहे. ते कापायचं नाही, विकायचं नाही, नुसतं बघून तिसऱ्या माणसानं सांगायचं की कापलं असतं तर किती निघालं असतं, आणि त्या अंदाजावर वाटणी रोखीत करायची.

तो तिसरा माणूस कोण असावा याचे नियम बारकाईनं घालून दिले आहेत आणि ते योग्यच आहेत. तो आरआयसीएसचा नोंदणीकृत सर्व्हेअर हवा. लंडनमध्ये १८६८ साली स्थापन झालेली ही सर्व्हेअर मंडळींची संस्था आज जगभर मानली जाते. तो घरमालकाच्या नात्यातला-ओळखीतला नको. इस्टेट एजंटचा फुकटचा अंदाज चालत नाही. त्यानं घर आतून पाहायला हवं. बाहेरून गाडीत बसून किंवा संगणकावर बघून भागत नाही. अहवालात आजूबाजूच्या किमान तीन विकल्या गेलेल्या, मिळत्याजुळत्या घरांचे दाखले हवेत. आणि अहवाल तीन महिनेच चालतो. वकिलांचा पत्रव्यवहार लांबला, बँकेनं उशीर केला, की मुदत सरते आणि मालकाला पुन्हा खिशात हात घालावा लागतो. सगळा खर्च त्याचाच: व्हॅल्युअरचा, वकिलाचा, शिवाय सरकारच्या वतीनं कागद हलवणाऱ्या कंपनीच्या शुल्काचा.

माझी भाची मिल्टन कीन्सला राहते. तिच्याकडे व्हॅल्युअर यायचा होता त्या आठवड्यात मी तिथेच होतो. आदल्या रात्री ती स्वयंपाकघरात उभी राहून विचारात पडली होती. घरी कोणी यायचं म्हटलं की आपण आवरतो. पण हा माणूस घर चांगलं म्हणाला तर आपल्यालाच जास्त द्यावे लागणार. ऑफिसातल्या कोणी तरी तिला सांगितलं होतं, आवरू नकोस, वाळत घातलेले कपडे तसेच राहू देत, मुलांची खेळणी जिन्यात पडू देत. अकराच्या सुमाराला तिनं ओटा पुसायला घेतला. म्हणाली, “मामा, घर मुद्दाम वाईट दाखवायचं मला नाही जमणार. जे काय होईल ते होवो.”

सकाळी आलेला गृहस्थ पन्नाशीचा, अबोल. बूट दारात काढून त्यानं पायांवर निळी प्लास्टिकची आवरणं चढवली. हातातल्या लेझरचा लाल ठिपका भिंतीवर टाकून तो खोल्यांची मापं घेत होता आणि टॅबवर लिहीत होता. बाथरूमच्या मागच्या भिंतीला ओलावा मोजायचं यंत्र टेकवलं, पोटमाळ्याचं झाकण उघडून टॉर्च फिरवला, बॉयलर किती वर्षांचा ते विचारलं. मागच्या खिडकीपाशी मात्र तो बराच वेळ थांबला. मला वाटलं बाग बघतोय. तो बागेपलीकडचं बघत होता: कुंपणामागे नवी वस्ती उभी राहत होती, त्याच बिल्डरची, आणि जाहिरातीचा फलक तिथून वाचता येत होता. जिन्यातल्या खेळण्यांवरून तो अलगद पाय टाकत गेला. त्यांची दखल त्यानं घेतली नाही. पाऊण तासात काम संपलं. चहा नको म्हणाला.

अहवाल आला तेव्हा कळलं, की घरात त्यानं जे पाहिलं त्याला दीड पान होतं आणि घराबाहेरच्या गोष्टींना त्याहून जास्त. तीन दाखल्यांपैकी एक पलीकडच्या रस्त्यावरचं त्याच नकाशाचं घर, एक कोपऱ्यावरचं, गॅरेज असलेलं, आणि एक जरा जुन्या वसाहतीतलं. प्रत्येकाची विक्रीची तारीख, रक्कम, आणि या घराशी तुलना करताना किती वरखाली केलं त्याची कारणं. इंग्लंड-वेल्समधली १९९५ पासूनची घरविक्रीची रक्कम लँड रजिस्ट्रीच्या नोंदींत कोणालाही पाहता येते. आपल्याकडे सूची क्रमांक दोन काढून शेजारच्या फ्लॅटचा भाव बघतात तसंच. त्यामुळे पलीकडच्या रस्त्यावर कोणी तरी घटस्फोटामुळे, किंवा गावी परतायचं म्हणून, घाईनं घर विकलं असेल, तर त्या घाईचाही अंश माझ्या भाचीच्या देण्यात उतरतो. व्हॅल्युअर तो वगळायचा प्रयत्न करतो. पूर्ण वगळता येतो असं मला वाटत नाही.

व्यवसायाची व्याख्या त्याला काय सांगते? आरआयसीएसच्या मानकांच्या ग्रंथाला त्याच्या मुखपृष्ठावरून ‘रेड बुक’ म्हणतात. त्यातल्या बाजारमूल्याच्या व्याख्येचा आशय असा: ठरलेल्या तारखेला, घेण्यास राजी असलेला एक आणि देण्यास राजी असलेला दुसरा, एकमेकांशी संबंध नसलेले, दोघंही जाणते, सावध आणि कोणत्याही दडपणाखाली नसलेले, घर पुरेसा काळ बाजारात मांडून झाल्यावर ज्या रकमेला सौदा करतील ती रक्कम. माझ्या भाचीच्या बाबतीत यातलं काय खरं होतं? ती विकायला राजी नव्हती. घेणारा कोणी नव्हता. घर बाजारात एक दिवसही मांडलेलं नव्हतं. सहाव्या वर्षाचं व्याज सुरू होणार, हे दडपण तर होतंच. व्याख्येतली तारीख तेवढी खरी होती, बाकीची सगळी पात्रं कल्पनेतली.

कल्पनेवर उभं आहे म्हणून हे खोटं, असं मी म्हणणार नाही. तेराव्या शतकात बोलोन्या इथे रोमन कायद्यावर भाष्य लिहिणाऱ्या अक्युर्सियसपुढे हाच पेच होता. वस्तू जितक्याला विकली जाते तितकी तिची किंमत, असं जुनं वचन कायद्याच्या पंडितांत रूढ होतं. त्याला त्यानं एक पुस्ती जोडली: सर्वसाधारणपणे. एखाद्या अडलेल्यानं काय दिलं किंवा एखाद्या हौशीनं काय मोजलं ते धरायचं नाही, चारचौघांत ती वस्तू साधारण कशी जाते ते धरायचं. व्हॅल्युअरचे ते तीन दाखले म्हणजे अक्युर्सियसची पुस्तीच होय. त्यांच्याशिवाय किंमत एका माणसाच्या लहरीवर गेली असती.

तरी ‘साधारण’ या शब्दाला रुंदी असते आणि ती किती असावी यावर इंग्लंडच्या न्यायालयांत खल झाला आहे. १९७७ सालच्या एका गाजलेल्या खटल्यात न्यायालयानं मान्य केलं, की दोन कुशल व्हॅल्युअर एकाच मालमत्तेच्या वेगळ्या किमती सांगू शकतात, आणि दहा टक्क्यांपर्यंतचा, अपवादानं पंधरा टक्क्यांपर्यंतचा, फरक निष्काळजीपणा ठरत नाही. २०१० सालच्या दुसऱ्या एका निकालानं साध्या, सर्रास आढळणाऱ्या घरांसाठी ती मुभा पाच टक्क्यांवर आणली. पाच टक्के ऐकायला थोडे वाटतात. तीन लाख साठ हजारांच्या घराला तो फरक खाली अठरा हजार आणि वर अठरा हजार. त्यातला सरकारचा पाचवा हिस्सा काढला, तर एकाच घरासाठी फेडीची रक्कम अडुसष्ट हजार चारशेही असू शकते आणि पंचाहत्तर हजार सहाशेही. दोन्ही व्हॅल्युअर प्रामाणिक, दोघंही कायद्यानं निर्दोष, आणि मधले सात हजार दोनशे पौंड कुटुंबाच्या वर्षभराच्या पाळणाघराच्या बिलाइतके.

यात आणखी एक पीळ आहे. सरकारी कर्ज फेडायला बहुतेकांपाशी रोख नसते, म्हणून ते मॉर्गेज वाढवून घेतात. बँकेला घर जितकं महाग तितकं बरं: घराच्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांच्या आत कर्ज बसलं की व्याजदर खालचा मिळतो. तेव्हा एकाच आठवड्यात एकाच घराची दोन मूल्यांकनं होतात. पहिलं कमी यावं आणि दुसरं जास्त यावं, अशी इच्छा मालकाच्या मनात असते. ज्या घरासाठी दहा वर्षं पैसा साठवला, त्याची किंमत कमी निघावी म्हणून मनोमन प्रार्थना करायची, यातली ओढाताण मी भाचीच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. आणि डिसेंबर २०२१ मध्ये नगण्य असलेला बँक ऑफ इंग्लंडचा दर ऑगस्ट २०२३ पर्यंत सव्वापाच टक्क्यांवर गेला, त्यामुळे फेडीचा दिवस वर्षभर इकडे की तिकडे, यानं हप्त्यात शेकडो पौंडांचा फरक पडला. तारीख निवडायला ती मोकळी होती असं कागदावर म्हणता येईल. व्याजाचा चढता दर एकीकडे आणि मॉर्गेजची सरती मुदत दुसरीकडे, यांतून मोकळीक कितीशी उरते?

आता इंग्लंडचं हेच राज्य दुसऱ्या एका कामासाठी घरांच्या किमती कशा मोजतं ते पाहण्यासारखं आहे. तिथला कौन्सिल टॅक्स घराच्या किमतीच्या पट्ट्यांवर बसवला जातो, आणि ती किंमत आहे १ एप्रिल १९९१ची. तेव्हा घाईघाईनं रस्त्यारस्त्यांतून गाडी फिरवून घरांना पट्टे लावले गेले, आणि इंग्लंडमध्ये त्यांची सार्वत्रिक फेरआकारणी आजवर झालेली नाही. भाचीचं घर त्या तारखेला नव्हतंच. तिथे तेव्हा माळ असणार. तरी त्या घरालाही पट्टा मिळाला, ते १९९१ साली असतं तर कितीला गेलं असतं असा अंदाज बांधून. म्हणजे एका खात्यासाठी त्या घराची किंमत ते बांधण्याच्या कितीतरी आधीची आणि दुसऱ्या खात्यासाठी आज सकाळची. फेरआकारणी केली तर मतदार चिडतील, म्हणून पहिली तारीख गोठलेली. कर्जदार एकेकटा येतो, म्हणून दुसरी तारीख रोज ताजी.

याच देशात १०८६ साली विल्यम राजाच्या माणसांनी गावोगाव फिरून जी मोजणी केली आणि जिची बाडं पुढे ‘डूम्सडे बुक’ म्हणून ओळखली गेली, तिच्यात तारखांबद्दल याहून जास्त प्रामाणिकपणा आढळतो. प्रत्येक वतनाची किंमत तीन वेळांची विचारायची असं त्यांना सांगितलेलं होतं: एडवर्ड राजा हयात असताना किती होती, विल्यमनं ते दिलं तेव्हा किती, आणि आज किती. चौथा प्रश्नही होता: आहे त्याहून जास्त काढता येईल का? त्या शेवटच्या प्रश्नात राजाची भूक उघड दिसते. पण आधीच्या तिन्हींमुळे युद्धात जळालेल्या गावाची घसरणही त्याच ओळीत नोंदली गेली, आणि उत्तर इंग्लंडच्या कितीतरी नोंदींत ती आज वाचता येते.

महाराष्ट्राला या विषयाचा फार जवळचा आणि कडू अनुभव आहे. पेशवाई गेल्यावर पुणे जिल्ह्याची जमीन मोजून आकार बसवायचं काम १८२०च्या दशकाच्या अखेरीस आर. के. प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडे आलं. तो हेलीबरीच्या कॉलेजात माल्थसच्या हाताखाली शिकलेला, रिकार्डोच्या खंडसिद्धांतानं भारलेला. प्रत्येक शेताचं उत्पन्न, त्यातून बियाण्याचा, बैलांचा, मजुरीचा खर्च वजा, उरलं ते निव्वळ, आणि त्यात सरकारचा हिस्सा. सिद्धांत नेटका होता. प्रत्यक्षात मोजणी चुकली, खालच्या नोकरांनी पैसे खाल्ले, धान्याचे भाव कोसळले, आणि रयत जमिनी टाकून निघून गेली. जी गोष्ट विकली गेलेली नाही तिच्या मूल्याचा अंदाज सिद्धांतावरून बांधला, की त्या अंदाजातली चूक ज्याच्या अंगणात पडते तो अंदाज बांधणारा नसतो.

त्यानंतर १८३५च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरात नव्यानं काम सुरू केलं. मातीची खोली, रंग, पोत बघून आण्यांत प्रत लावायची, आणि एकदा आकार ठरला की तीस वर्षं त्याला हात लावायचा नाही. या तीस वर्षांच्या हमीला मी फार महत्त्व देतो. विहीर खणली, बांध घातला, तर त्याचं फळ तुझं, आणि तुझं देणं किती ते तुला आज ठाऊक आहे, असं राज्यकर्त्यानं शेतकऱ्याला सांगितलं. उद्याचा आकडा माहीत असला की माणूस आजचे निर्णय धीरानं घेतो.

मग तीस वर्षं भरली. इंदापूरची फेरआकारणी १८६७ साली आली. त्याआधीच अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, रेल्वे आली होती, सगळ्याच जिनसांचे दर चढले होते. त्या चढत्या दिवसांकडे बघून नवा आकार बसला आणि तो बराच जड होता. भाव लवकरच उतरले, आकार उतरला नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळाल्या, त्यामागे कर्ज, कोर्ट, दुष्काळाची छाया अशी अनेक कारणं होती. चुकीच्या तारखेला बेतलेला आकार हे त्यांतलं एक. २०२२ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधले घरांचे भाव चढत्या शिखरावर असताना ज्यांनी मूल्यांकन करून घेतलं, त्यांची गोष्ट वाचताना मला इंदापूर आठवतं. त्यांना तो दिवस निवडावा लागला, कारण त्यांची पाच वर्षं तेव्हा भरत होती.

वाढलेल्या किमतीवर समाजाचा हक्क असावा का, हा प्रश्न मी टाळणार नाही. माझं उत्तर होकारार्थी आहे. शेजारी स्टेशन आलं, शाळा चांगली निघाली, गावात कारखाना आला, म्हणून घर महागलं, तर त्यात मालकाचे कष्ट नाहीत. कौटिल्यानं हे फार पूर्वी ओळखलं होतं. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घरविक्रीची रीत सांगितली आहे: आधी नातलग, मग शेजारी, मग धनको, आणि नंतर बाहेरचे. घरासमोर, शेजारच्या चाळीस कुळांसमक्ष किंमत पुकारायची. तीनदा पुकारून कोणी हरकत घेतली नाही, तर घेणाऱ्यानं घ्यावं. आणि बोली चढून किंमत वाढली, तर ती वाढ शुल्कासह राजाच्या कोशात. र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेल्या प्रतीत हा भाग वाचताना त्यातली उघड्यावरची पारदर्शकता मनात भरते. विक्री खरोखर होते आहे, सगळे ऐकताहेत, आणि मूळ किंमत वाढीच्या आधी जाहीर झालेली आहे.

जॉन स्टुअर्ट मिलनं हयातीच्या शेवटच्या वर्षांत जमीनसुधारणेची जी संघटना चालवली, तिचीही मागणी याच वाटेची होती. जमिनीच्या किमतीत मालकाच्या श्रमाविना जी वाढ होईल ती करानं समाजाकडे यावी. पण मिल, ज्यानं तीन दशकांहून अधिक काळ ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत काढला होता आणि ज्याच्या बापानं तिथेच बसून रिकार्डोचा सिद्धांत हिंदुस्थानच्या महसुलात उतरवायची खटपट केली होती, त्यानं दोन अटी घातल्या. वाढ पुढची धरायची, झालेली नाही. आणि ज्या मालकाला हे मान्य नसेल, त्याला कायदा होईल त्या दिवसाच्या बाजारभावानं जमीन सरकारला देऊन मोकळं होता यावं. आपल्याकडे भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनी विकताना सरकार अनर्जित रकमेतला हिस्सा मागतं तेव्हा त्याला तत्त्व म्हणून आधार आहे. लोकांची तक्रार असते ती रेडी रेकनरच्या आकड्याबद्दल, कारण तो प्रत्यक्ष सौद्याच्या तारखेशी जुळत नाही.

हेल्प टू बायच्या बाबतीत माझा आक्षेप वाटा मागण्याला नाही. सरकारनं पैसा घातला, जोखीम घेतली, भाव पडले तर तोटाही सोसणार होतं. आक्षेप असा, की जे सरकार वाढीतला वाटा घेतं त्यानंच किंमत फुगवायला हात लावला होता. नवी घरं मुळात कमी, आणि घेणाऱ्यांच्या हातात एकदम वीस टक्के जास्त पैसा. भाव कुठे जाणार? हाउस ऑफ लॉर्ड्सच्या बांधकामविषयक समितीनं जानेवारी २०२२ च्या अहवालात स्पष्टपणे म्हटलं, की जिथे गरज सर्वांत जास्त तिथे या योजनेनं भाव तिच्या मदतीहून अधिक वाढवले, आणि हा पैसा घरांचा पुरवठा वाढवण्यावर खर्चायला हवा होता. त्याआधी, २०१९ साली, राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाला आढळलं होतं, की योजना वापरणाऱ्यांपैकी सुमारे तीन पंचमांश लोकांना तिच्याशिवायही घर घेता आलं असतं. बिल्डरांचं मात्र सोनं झालं. पर्सिमन कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुखांना मिळालेला साडेसात कोटी पौंडांचा बोनस २०१८ साली देशभर गाजला आणि त्याच वर्षी त्यांना पद सोडावं लागलं.

शिवाय नव्या घराला नवेपणाचा अधिभार असतो. बिल्डरनं सांगितलेल्या किमतीत तो धरलेला असतो, आणि पहिल्या मालकानं किल्ली लावली की तो जातो. मागच्या खिडकीतून व्हॅल्युअर ज्या फलकाकडे बघत होता तो म्हणूनच महत्त्वाचा: त्याच बिल्डरची नवी घरं शेजारीच मिळत असताना पाच वर्षांच्या घराला कोण किती देणार?

भाव पडले तर सरकार तोटा वाटून घेतं हे खरं, पण भाव नाहीसाच झाला तर? १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवर जळाला. त्यानंतर उंच इमारतींच्या बाह्य आवरणाची तपासणी सुरू झाली आणि तिचा दाखला नसलेल्या कितीतरी फ्लॅटची किंमत बँकांच्या सर्व्हेअरांनी शून्य लिहिली. तरुण जोडपी त्यांत अडकली. घर विकता येईना, मॉर्गेज बदलता येईना, आणि सरकारी कर्जाचं व्याज ठरल्या वर्षी सुरू झालं. राहायला घर होतं, दिवे लागत होते, मुलं शाळेत जात होती, आणि कागदावर त्या चार भिंतींचं मोल काहीच नव्हतं. व्याख्येतल्या त्या जाणत्या, सावध, राजीखुशीच्या ग्राहकानं इथे यायचं नाकारलं होतं.

२०१३ साली कर्ज घेणाऱ्यांची पंचवीस वर्षं २०३८ मध्ये भरतील, शेवटच्यांची २०४८ मध्ये. तोवर फार मोठ्या संख्येनं व्हॅल्युअर लोकांच्या जिन्यांवरून जायचे आहेत. सरकारला अजूनही एक गोष्ट करता येईल. प्रत्येक कर्जदाराला, त्याच्या सोयीच्या एका वर्षी, मूल्यांकन करून आपलं देणं पौंडांत कायम करून घेण्याचा हक्क द्यावा, आणि मग ती ठरलेली रक्कम हप्त्यांनी फेडू द्यावी. जुन्या करारांत घराच्या किमतीच्या किमान दहा टक्के एकरकमी आणा असं म्हटलं आहे. तीन लाख साठ हजारांच्या घराला ते छत्तीस हजार होतात, आणि एवढी रोकड साध्या नोकरदार घरात पडून नसते. देणं कायम करणाऱ्या त्या मूल्यांकनाचा खर्च सरकारनं उचलावा, कारण वाटा त्याचाही मोजला जातो आहे. यात तिजोरीला काही वर्षांच्या भाववाढीवर पाणी सोडावं लागेल, तसंच पडत्या भावाच्या जोखमीतूनही ती सुटेल. विंगेटच्या तीस वर्षांच्या हमीत राज्यानंही पुढची वाढ हातची सोडली होती, आणि ओसाड पडलेल्या इंदापुरात तिच्या जोरावर नांगर पुन्हा जमिनीत उतरले होते.